सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

खून कोणी केला, या एका प्रश्नावर बहुतेक रहस्यकादंबऱ्या चालतात. गुन्हेगार सापडला की वाचक पुस्तक मिटतो आणि निर्धास्त होतो, कारण दोष दुसऱ्या कोणाचा तरी होता. सेलेस्ट इंग या चिनी वंशाच्या अमेरिकन लेखिकेची २०१४ साली आलेली पहिली कादंबरी, 'एव्हरीथिंग आय नेव्हर टोल्ड यू', वाचकाला ही सवलत देत नाही. सोळा वर्षांची लिडिया मेली आहे, हे ती सुरुवातीलाच सांगून टाकते. १९७७ साल, ओहायो राज्यातले एक लहान गाव, घराजवळचा तलाव. पोलीस येतात, शेजारच्या मुलावर संशय घेतला जातो. पण वाचता वाचता लक्षात येते की खरा तपास तलावाचा नसून घराचा चालला आहे.

लिडियाचे वडील जेम्स ली चिनी स्थलांतरितांचे चिरंजीव. शाळेत एकटे पडलेले, पुढे प्राध्यापक होऊन अमेरिकेच्या काऊबॉयांचा इतिहास शिकवणारे. आई मॅरिलिन गोरी. तिला डॉक्टर व्हायचे होते. लग्न झाले, मूल झाले आणि शिक्षण राहिले. दोघांचे लग्न १९५८चे. तेव्हा मॅरिलिनच्या माहेरच्या व्हर्जिनियात असे लग्न बेकायदा होते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. लिडिया लहान असताना आई अपुरे शिक्षण पुरे करायला कोणाला न सांगता घर सोडून गेली होती. काही आठवड्यांनी परतली, पण त्यावर घरात कोणी एक शब्द काढला नाही. आई परत आली तर ती म्हणेल ते सगळे करीन, असा नवस लिडियाने मनातल्या मनात बोलला होता आणि तो ती पाळत राहिली.

आईला मुलगी डॉक्टर व्हायला हवी आहे, वडिलांना ती चारचौघांत मिसळायला हवी आहे. म्हणून लिडिया फोनचा रिसीव्हर कानाला लावून नसलेल्या मैत्रिणींशी गप्पा मारते. तिच्या मृत्यूनंतर आई तिच्या डायऱ्या उघडते तेव्हा त्या कोऱ्या निघतात. कोणत्याही पुराव्यापेक्षा ती कोरी पाने मला भयंकर वाटली. ज्या मुलीचे सगळे काही आपल्याला माहीत आहे असे आई समजत होती, तिने स्वतःच्या डायरीलाही काही सांगितले नव्हते.

हे अमेरिकेतले आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. अल्पसंख्य घरातल्या मुलाच्या पाठीवर दोन ओझी असतात. एक आईबापांच्या राहिलेल्या स्वप्नाचे, दुसरे समाजाच्या इज्जतीचे. शिक्षणात आपण किती मागे आहोत हे सच्चर समितीने २००६ साली आकड्यांनिशी मांडले. मुलांनी शिकावे हा आग्रह त्यामुळे रास्तच आहे. पण 'खानदानातली पहिली डॉक्टर' हे बिरूद दहावीतल्या मुलीला चिकटवताना तिला काय व्हायचे आहे, हे विचारायचे राहून जाते. नापास झाल्याचे ती सांगू शकत नाही, कारण तिच्यासोबत साऱ्या मोहल्ल्याला नापास झाल्यासारखे वाटणार असते.

वाचताना मला सारखी सूरह यूसुफ आठवत होती. तिथेही एक लाडके लेकरू आहे, बापाच्या मायेवर जळणारे भाऊ आहेत, विहीर आहे आणि खोट्या रक्ताने माखलेला सदरा आहे. कादंबरीत लिडियाला लहानपणी भावानेच तलावात ढकललेले असते आणि त्यानेच बाहेर काढलेले असते. इंग मात्र एक गोष्ट अधिक दाखवते: लाडक्या मुलालाही तो लाड जड होऊ शकतो.

हजरत याकूब यांच्या सब्रचे आपण दाखले देतो. पण त्यांनी दुःख गिळले नव्हते. रडून रडून त्यांची दृष्टी गेली. आपली व्यथा त्यांनी अल्लाहपुढे मांडली आणि मुलांना शोध घ्यायला पाठवले. पैगंबर साहेबांच्याही डोळ्यांत आपल्या मुलाच्या, इब्राहिमच्या, निधनाने पाणी आले होते. आपल्या घरांत मात्र मय्यत उठल्यावर 'सब्र करा' हे वाक्य कुलपासारखे वापरले जाते. विशेषतः तरुण मुलाने स्वतःचा जीव घेतला असेल, तर आजाराचे नाव पुढे केले जाते, मृताचा उल्लेख बंद होतो आणि धाकटी भावंडे आयुष्यभर 'माझे काही चुकले का' या प्रश्नासोबत वाढतात.

दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही आपली शिकवण. अल्लाह स्वतः सत्तार आहे. पण परदापोशी बाजारापासून करायची असते. एकाच दस्तरख्वानावर बसणाऱ्यांनी एकमेकांपासून दुःख झाकले, तर त्याला परदापोशी म्हणत नाहीत. त्याने कोणाची अब्रू वाचत नाही, फक्त प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात अपराधी होऊन बसतो.

कादंबरीत उणिवा आहेत. प्रत्येकाच्या गुपिताला दुसऱ्या कोणाचे तरी गुपित अगदी मापात जोडलेले आहे, आणि जेम्सचे बाहेरचे प्रकरण आधीच ओळखता येते. तरीही ती वाचावी, ती धाकट्या हानासाठी. ही मुलगी टेबलाखाली बसून सगळे बघते, सगळे ऐकते. त्या रात्रीबद्दल तिला इतरांपेक्षा जास्त माहीत असते. घरातले कोणी तिला विचारतच नाही.

ताजियतीला जाल तेव्हा मोठ्यांशी बोलून झाल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाजवळही थोडा वेळ बसा. सांगण्यासारखे पुष्कळदा त्याच्याकडेच असते.