दलवाई फोटोतच बरे वाटतात

हिंदू मित्रांना आवडणाऱ्या मुसलमानांची यादी केली तर तीत कलाम येतात, झहीर खान येतो आणि मित्र थोडा वाचणारा असेल तर हमीद दलवाई येतात. मुसलमान मित्रांच्या यादीत दलवाई सहसा नसतात. दोन्हीकडचं कारण एकच : दलवाई कुणी वाचलेलेच नाहीत.

म्हणून आधी थोडी उजळणी. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा गेला. फक्त सात. मागण्या होत्या : तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना समान नागरी कायदा द्या. मोर्चा काढणारा माणूस चिपळूणजवळच्या मिरजोळीचा, 'इंधन' कादंबरीचा लेखक हमीद दलवाई. 22 मार्च 1970 ला त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. नाव मुद्दाम फुल्यांकडून घेतलेलं. 1977 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी ते गेले. पुढे मंडळाचं काम मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई आणि इतरांनी ओढलं. सय्यदभाई या कामात पडले ते बहिणीचा तोंडी तलाक पाहून. सुप्रीम कोर्टाने तोंडी तलाक रद्द ठरवला 22 ऑगस्ट 2017 ला. सात बायकांना उत्तर मिळायला 51 वर्षं लागली.

ही 51 वर्षं कुठे गेली, हा खरा प्रश्न आहे.

आमच्याकडचं ठरलेलं उत्तर असतं, 'आत्ता ही वेळ नाही.' 1966 मध्ये वेळ नव्हती. 1985 मध्ये शाहबानोला पोटगी मिळाली तेव्हा वेळ नव्हती. उलट लाखोंचे मोर्चे निघाले आणि पुढच्याच वर्षी सरकारने तो निकाल निष्प्रभ करणारा कायदा आणला. आज तर वेळ नाहीच, कारण आज भीती आहे. भीती खरी आहे. मी ती नाकारणार नाही. माझं आडनाव कळल्यावर 'फ्लॅट आत्ताच गेला' असं सांगणारे घरमालक मलाही भेटलेत. पण मग भीती सगळ्या समाजाची असेल, तर तिचा हप्ता दर महिन्याला बाईच्याच खात्यातून का कापला जातो? पुरुषाच्या कोणत्या हक्काला आपण कधी 'थांब, सध्या वातावरण वाईट आहे' असं म्हणालो?

आता पलीकडच्यांकडे वळू. ज्यांना मुस्लिम बाईचा कळवळा येतो, त्यातल्या किती जणांना ती शेजारी राहायला चालते? दलवाईंचं वाक्य स्टेटसला ठेवायचं आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'त्यांना' फ्लॅट देऊ नका म्हणायचं, हे एकाच फोनवरून चालतं. अशाने सर्वात जास्त नुकसान सुधारकाचं होतं. तो मोहल्ल्यात तोंड उघडतो तेव्हा समोरचा म्हणतो, 'तू त्यांचीच भाषा बोलतोस.' दलवाई हिंदू जातीयवादावरही तितकंच कडक लिहीत होते. ती पानं कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि तिसरे आपले संवादवाले. सर्वधर्मीय कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल. स्टेजवर एक मौलाना, एक महाराज, एक फादर. शाल, श्रीफळ, सगळे धर्म शांतीच शिकवतात, टाळ्या. ईदला शीरखुर्मा. शीरखुर्म्याशी माझं भांडण नाही, तो रोज मिळाला तरी चालेल. पण त्या स्टेजवर तलाक झालेली बाई तुम्ही कधी पाहिलीत? सत्यशोधक पाहिलात? धर्म म्हणजे धर्मगुरू, हे या कार्यक्रमांनी न बोलता मान्य करून टाकलंय. ज्यांच्याशी भांडायचं त्यांनाच प्रतिनिधी केलं, तर संवाद कुणाचा कुणाशी झाला?

सुधारणा कुराणातून करायची की संविधानातून, हा वाद जुना आहे. दलवाईंनी धर्मग्रंथाचा आधार न घेता नागरिकाच्या हक्काची भाषा धरली. असगर अली इंजिनियर यांनी कुराणाचाच स्त्रीच्या बाजूने अर्थ लावला. 2007 मध्ये सुरू झालेलं भारतीय मुस्लिम महिला आंदोलन दोन्हीकडून दार ठोठावतं. माझं मत दलवाईंकडे झुकतं, कारण अर्थावर टांगलेला हक्क अर्थ लावणारा बदलला की पडतो. पण कुराणाच्या दाराने कुणी बाहेर पडत असेल तर मी ते दार अडवणार नाही.

कारण कागदावरचा विजय पुरत नाही. मशिदीत नमाजासाठी स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून 2019 मध्ये पुण्याचंच एक दाम्पत्य सुप्रीम कोर्टात गेलं. 2020 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने कोर्टाला सांगितलं की इस्लामची मनाई नाही. छान. आता तुमच्या गल्लीतल्या मशिदीत जाऊन विचारा, बायकांना जागा कुठे आहे? वजू करायची सोय कुठे आहे?

आपल्या वयाच्या लोकांना कोर्टाची वाट बघायची गरज नाही. निकाहनाम्यात अटी घालता येतात : दुसरं लग्न नाही, तलाकचा अधिकार बायकोलाही. तो कागद सहीआधी वाचा. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तर तुमच्या मुलीला वारशात मुलाइतकाच वाटा मिळतो, निम्मा नाही. यासाठी मोर्चा लागत नाही, घरात एक वाईट संध्याकाळ काढावी लागते. आणि हिंदू मित्रांनो, दलवाई खरंच आवडत असतील तर दोन गोष्टी करा. त्यांचं एक पुस्तक पूर्ण वाचा. आणि पुढच्या वेळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाडेकरूच्या आडनावावर चर्चा सुरू झाली की हात वर करून बोला. आमच्या घरातलं भांडण आम्ही करू. ते करताना पाठीमागचा रस्ता तेवढा मोकळा ठेवा.