अनुमान आणि अंदाज

गेल्या शुक्रवारी रात्री पुण्याहून महालक्ष्मी पकडली आणि पहाटे मिरजेला उतरलो. ताईकडे जाऊन बरेच दिवस झाले होते. बेत असा की दोन दिवस निवांत झोपायचं, भडंग खायचं आणि ऑफिसचा मेल उघडायचा नाही. घरात शिरतो तर भाची एवढ्या पहाटे टेबलाशी बसलेली! समोर जाडजूड पुस्तक, शेजारी मोबाइलवर स्टॉपवॉच. एमबीएच्या सीईटीची तयारी चाललेली.

"मामा, बोलू नकोस हं. पंचवीस प्रश्न राहिलेत." झालं माझं स्वागत.

चहाचा कप घेऊन मी तिच्या मागे उभा राहिलो. लॉजिकल रिझनिंग चालू होतं. वर चार ओळींचा मजकूर, खाली निष्कर्ष, आणि यातला कोणता निष्कर्ष निघतो ते सांगा. आपल्यापैकी बहुतेकांनी हे कधी ना कधी केलेलं आहे. पण ती काय करते आहे हे लक्षात आल्यावर मी हादरलोच. ती मजकूर वाचतच नव्हती! आधी पर्यायांवरून नजर. त्यात 'ऑल', 'ओन्ली', 'नेव्हर' असलं काही दिसलं की तो पर्याय बाद. 'सम' किंवा 'मे' दिसलं की ठोक. शेवटी उत्तरं तपासली तर पंचवीसपैकी सोळा बरोबर.

"हे कुणी शिकवलं?"

"क्लासच्या सरांनी. सगळे असंच करतात की."

तर मंडळी, आजचा माझा राग या 'असंच'वर आहे. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, अनुमान आणि अंदाज. हातात जे आहे त्यावरून जे निघायलाच पाहिजे ते अनुमान. जे बहुतेक असेल असं वाटतं तो अंदाज. प्रवेश परीक्षेतला हा भाग अनुमान तपासण्यासाठी आहे. आणि आपण सगळ्यांनी मिळून, म्हणजे परीक्षा घेणारे, क्लासवाले आणि घरची मोठी मंडळी, त्याची अंदाजाची शर्यत करून टाकली आहे. माझ्या मते हे नुसतं वाईट नाही, धोक्याचं आहे.

आधी अनुमान म्हणजे काय ते बघू. भाचीसाठी मी तिथल्या तिथे मिरजेचाच एक प्रश्न तयार केला.

विधान: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी नेण्यात आलं.

निष्कर्ष १: त्या वर्षी सांगली जिल्ह्यात पाण्याची टंचाई नव्हती.
निष्कर्ष २: रेल्वेखेरीज लातूरला पाणी पोचवायचा दुसरा मार्ग नव्हता.
निष्कर्ष ३: लातूरला पुरवलेल्या पाण्यातलं काही तरी लातूरबाहेरून आलेलं होतं.

ती पाण्याची गाडी मिरजकरांना चांगली आठवते. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. भाचीने क्षणात सांगितलं, "एक आणि तीन. आपल्याकडे होतं म्हणून तर दिलं ना!"

आता बोला. कृष्णेचं पाणी मिरजेत होतं, मान्य. पण जत आणि आटपाडी हे दुष्काळी तालुके याच जिल्ह्यात आहेत. एका टोकाला नदी आणि दुसऱ्या टोकाला टँकर, हे सांगली जिल्ह्यात नवीन आहे का? आणि जत-आटपाडीची माहिती नसती तरी पहिला निष्कर्ष निघत नाहीच. स्वतःला कमी असतानाही माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. विधानात फक्त दिल्याचं आहे, भरपूर असल्याचं नाही. दुसरा निष्कर्षही तसाच. रेल्वेने नेलं म्हणजे टँकरने नेताच आलं नसतं असं नाही. उरला तिसरा, नीरस आणि बिनचूक. खऱ्या अनुमानाची ही खूणच म्हणा ना: ते ऐकून कुणी 'अरे वा' म्हणत नाही.

आमच्या धंद्यात याला टेस्ट केस म्हणतात. प्रोग्रॅम बरोबर आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की टेस्टर त्याला मोडणारं एक उदाहरण शोधतो. एक सापडलं की पुरे. इथेही तेच. विधान खरं ठेवायचं, निष्कर्ष खोटा ठरेल असं एक जग कल्पनेने उभं करायचं. उभं राहिलं की निष्कर्ष बाद. कितीही डोकं खाजवून उभं राहत नसेल तर निष्कर्ष निघतो. संपलं. यात ना इंग्रजीचा पांडित्यपणा, ना गणित.

आता सरांची युक्ती या कसोटीला लावू. विधान: या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याकडे सायकल नाही. निष्कर्ष: सायकल असलेले सगळे विद्यार्थी या वर्गाबाहेरचे आहेत. 'सगळे' आलं, म्हणजे सरांच्या मते बाद. प्रत्यक्षात तो शंभर टक्के निघतो. दुसरा निष्कर्ष: या वर्गातले काही विद्यार्थी चालत येतात. 'काही' आलं, म्हणजे ठोक. प्रत्यक्षात निघत नाही, कारण सगळेच्या सगळे एसटीने येत असतील. मग ही युक्ती चालते कशी? पेपर काढणारे आळसाने तेच साचे परत परत वापरतात म्हणून. ही पोरं मजकूर वाचत नाहीत, पेपर काढणाऱ्याच्या सवयी वाचतात.

एवढं ऐकवून मी विजयी मुद्रेने चहा संपवला. भाचीने शांतपणे स्टॉपवॉच माझ्यासमोर धरलं.

"मामा, या एका प्रश्नाला तुला सहा मिनिटं लागली. मला पंचेचाळीस सेकंद असतात."

इथे माझी बोलती बंद झाली. कारण हिशोब तिचा बरोबर. २०२५ च्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न होते आणि वेळ १५० मिनिटं. त्यातले ७५ प्रश्न लॉजिकल रिझनिंगचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. म्हणजे प्रश्नामागे पंचेचाळीस सेकंद, आणि न कळता ठोकलेल्या बरोबर उत्तराला कळून दिलेल्या उत्तराएवढंच बक्षीस. शेजारी जीमॅट ठेवून बघा. आताच्या त्या परीक्षेत व्हर्बलला २३ प्रश्न आणि ४५ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला जवळजवळ दोन मिनिटं. उतारे तिथे लांब असतात हे कबूल, पण निदान विचार करायला जागा तरी आहे. आपल्याकडे विचार करणारा मुलगा सव्वाशेव्या प्रश्नावर असताना वेळ संपतो आणि ठोकणारा दोनशे पुरे करतो. क्लासच्या सरांना मी उगाच शिव्या घातल्या. ते बिचारे परीक्षेने जे मागितलं तेच विकतायत.

या प्रश्नांचा एक प्रकार असा की उत्तरासाठी पाच पायऱ्या असतात: नक्की खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, नक्की खोटं. मधला तो 'डेटा इनअॅडिक्वेट' माझा सगळ्यात आवडता पर्याय. भाची म्हणाली, तो तिला घ्यावासाच वाटत नाही. "अभ्यास केला नाही म्हणून लिहिल्यासारखं वाटतं."

हे वाक्य मला दोन दिवस सोडेना. कारण ते तिचं नाही, आपलं आहे. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला आणि 'सांगता येत नाही' म्हटलं तर काय व्हायचं आठवा! आमच्या वेळी चौथी आणि सातवीला स्कॉलरशिप असायची, बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर असायचा. घरून निघताना सगळ्यांच्या आयांचा सल्ला एकच: काही सोडू नको, काहीतरी लिही. त्या 'काहीतरी'वर आपल्या दोन पिढ्या वाढल्या आहेत.

रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया १९३१-३२ च्या सुमारास उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना असेच प्रश्न विचारत होता. उत्तरेकडे जिथे बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक बेट उत्तरेला आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? काही शेतकऱ्यांचं म्हणणं असं की आम्ही तिथे गेलेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल कसं सांगणार? शहरी माणसाला याचं हसू येतं. परीक्षेत तो शेतकरी नापासच, कारण दिलेलं खरं मानून चालायची तयारी त्याच्याकडे नाही. पण माहिती जिथे संपते तिथे थांबायची अक्कल त्याच्याकडे आहे. अनुमानाला दोन्ही लागतं: दिलेलं मानायचं, आणि दिलेलं संपलं की थांबायचं. आपली पोरं पहिलं पटकन शिकतात. दुसरं आपण त्यांच्याकडून काढून घेतो.

"अरे, पण परीक्षाच आहे ना ती? आधी ॲडमिशन मिळू दे तिला, तर्क काय नंतरही करता येतो," हे दाजी. दाजींचं औषधांचं दुकान आहे आणि ते व्यवहारी माणूस आहेत.

"दाजी, गिऱ्हाइकाने खोकला म्हटलं की तुम्ही लगेच टीबीची औषधं देता का?"

"वेडा आहेस काय? आधी डॉक्टर, तपासणी..." म्हणता म्हणता ते थांबले. जे गाव दवाखान्यांवर चालतं, जिथे वानलेसांच्या काळापासून लांबलांबून पेशंट येतात, तिथे 'अजून सांगता येत नाही, तपासण्या करू' म्हणणाऱ्या डॉक्टरला लोक चांगला डॉक्टर म्हणतात. तिथे हे वाक्य कुणाला अडाणीपणाचं वाटत नाही. मग पोरीच्या पेपरात का वाटावं?

आणि 'तर्क नंतर' याबद्दल माझीच गोष्ट सांगतो. फार अभिमानाची नाही.

माझा रिझनिंगचा स्कोअर कॉलेजात उत्तम होता. सहा वर्षांपूर्वी मी एका कंपनीत टीम सांभाळत होतो. एका शुक्रवारी रिलीज गेलं आणि रविवारी रात्री पेमेंट बंद पडलं. रिलीजमध्ये एका नव्या मुलाचा बदल होता, सोलापूरकडचा मुलगा, जेमतेम पाच महिने झालेले. रात्री दोन वाजता वरून फोन: कारण काय? मी अर्ध्या तासात मेल लिहिला, कारण म्हणून त्याचा बदल नोंदवला. त्याचा बदल आधी गेला आणि सिस्टीम नंतर पडली, बस. दहा दिवसांनी कळलं की ज्यांच्याकडून पेमेंट जायचं त्यांच्या बाजूच्या एका सर्टिफिकेटची मुदत त्याच रात्री संपली होती. त्याच्या बदलाचा संबंध शून्य. तोवर त्याला प्रोजेक्टवरून काढलं होतं. पुढे त्याला कायम केलं नाही. दुरुस्तीचा मेल मी पाठवला, पण तो कोण वाचतो?

आपल्या नैयायिकांनी हे शेकडो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. धूर दिसला की आग आहे म्हणा. पण आग दिसली म्हणून धूर असणारच असं म्हणू नका. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. चुकीचा बदल केला तर सिस्टीम पडते, हे खरं. सिस्टीम पडली म्हणून बदल चुकीचा, हे उलटं झालं. पेपरात हा प्रश्न आला असता तर मी नक्की बरोबर सोडवला असता. पण रात्री दोनला, वरच्याचा आवाज कानात असताना, 'अजून सांगता येत नाही' ही ओळ लिहायची हिंमत नव्हती. ती सवयीने येते, आणि सवय लागायच्या वयात आपण पोरांना नेमकी उलटी सवय लावतोय.

कुणी म्हणेल, लाखाहून जास्त मुलं बसतात, चाळणी तर लागणार. लागू दे की! पण चाळणी कशाची? दोनशेऐवजी शंभर प्रश्न ठेवा आणि वेळ तेवढाच. ठोकलेल्या उत्तराला काहीतरी किंमत मोजायला लावा. कुणी म्हणेल, मॅनेजरला झटपट निर्णय घ्यावेच लागतात. घ्यावे. पण त्यातलं ठाऊक किती आणि जुगार किती, हे ज्याला कळत नाही त्याचा झटपटपणा दुसऱ्याच्या नोकरीवर येतो.

आणखी एक गंमत. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र नावाचा विषय आहे, बालभारतीचं मराठी पुस्तक आहे. पण तो कला शाखेत, आणि तोही ऐच्छिक. म्हणजे सायन्स-कॉमर्सच्या मुलांना जो स्वतंत्र विषय म्हणून शिकवायचा नाही, त्यावर पुढे ७५ प्रश्न विचारायचे. मग मधली जागा क्लासवाले भरणार नाहीत तर कोण?

रविवारी संध्याकाळी निघताना भाचीने विचारलं, "ते सगळं ठीक आहे रे मामा. पण मी परीक्षेत काय करू?"

मी खरं तेच सांगितलं. परीक्षेच्या दिवशी सर सांगतात तसंच कर, घड्याळाशी भांडून उपयोग नाही. पण घरी रोज दहा प्रश्न घड्याळाशिवाय सोडव, प्रत्येक निष्कर्ष मोडून बघ. आणि सराव पेपर सोडवताना कच्च्या कागदावर दोन खुणा ठेव. कळून दिलेल्या उत्तराला बरोबरची खूण, ठोकलेल्याला टिंब. पेपर संपला की मार्कांच्या आधी टिंबं मोज.

काल रात्री तिचा फोन आला. शंभरातली एक्केचाळीस टिंबं. मार्क मात्र मागच्या वेळेपेक्षा जास्त.

"म्हणजे मी हुशार झाले का रे मामा?"

म्हटलं, अजून सांगता येत नाही.