पळपुटा म्हणण्यापूर्वी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'संकटकाळी मायदेश सोडून जाणारा कलावंत हा देशाचा अपराधी होय.' मी अनुकूल बाजूने बोललो, आणि अगदी तावातावाने बोललो. मातीचे ऋण, वटवृक्ष आणि त्याची मुळे, अशी सगळी ठेवणीतली वाक्ये बाहेर काढली. टाळ्या मिळाल्या, ढालही मिळाली. समारंभ आटोपल्यावर परीक्षकांपैकी एक वयस्कर गृहस्थ चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "छान बोललात. पण मा सित्सोंग हे नाव कधी ऐकले आहे का?" मी ऐकले नव्हते. "मग वाचा," एवढेच म्हणून ते निघून गेले.

मी वाचले. आता ते भाषण मला मागे घ्यायचे आहे. निदान अर्धे तरी. ढाल मात्र कुणी परत मागू नये!

मा सित्सोंग यांचा जन्म १९१२ सालचा, दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातल्या हायफेंग गावचा. थोरला भाऊ फ्रान्सला शिकायला होता. तो सुटीत घरी येताना एक व्हायोलिन घेऊन आला आणि ते वाद्य पाहताच या मुलाने हट्ट धरला. १९२३ साली, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, भावाचे बोट धरून तो फ्रान्सला गेला. नान्सीला शिकला, मग पॅरिसला. घरची आर्थिक ओढाताण झाली म्हणून १९२९ साली परतला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. हाँगकाँग आणि शांघायच्या रसिकांनी त्याला डोक्यावर घेतले. वर्तमानपत्रांनी 'बालप्रतिभा' म्हणून गौरवले.

येथे मला हा मुलगा पहिल्यांदा आवडला. अशा टाळ्यांवर एखादा जन्मभर जगला असता. हा १९३१ साली पुन्हा पॅरिसला गेला, आणि या खेपेस वाजवण्यापेक्षा रचना शिकण्यासाठी गेला. दुसऱ्याच्या रचना उत्तम वाजवणे वेगळे आणि आपल्या लोकांचे सूर या परक्या वाद्यातून काढणे वेगळे, हे त्याला कळले असले पाहिजे. व्हायोलिन आपल्याकडेही परकेच. पण आपल्या वादकांनी ते मांडी घालून बसून वाजवले, त्यावर राग आळवले आणि ते आपले करून टाकले. मा यांनी तेच काम चिनी लोकगीते घेऊन केले.

१९३७ साली त्यांनी अंतर्मंगोलियाच्या लोकगीतांवर आधारलेली तीन भागांची एक रचना केली. तिच्या मधल्या भागाचे नाव 'घरची ओढ' असे काहीसे सांगता येईल. तटावर धावणाऱ्या घोड्याच्या एका लोकगीताची चाल तिचा पाया आहे. त्याच वर्षी जपानशी युद्ध पेटले. (याच युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करायला १९३८ साली आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस गेले होते.) लक्षावधी माणसे घरेदारे सोडून देशाच्या आतल्या भागात निघाली. मा देखील वाद्य घेऊन या गावाहून त्या गावाला हिंडत, वाजवत राहिले. घर सुटलेल्या माणसांच्या काळजाला ही धून भिडली यात नवल ते काय?

१९४९ साली नवे राज्य आले आणि मध्यवर्ती संगीत महाविद्यालयाच्या प्रमुखपदी मा यांची नेमणूक झाली. ते नुसते खुर्चीवर बसले नाहीत. १९५० साली मुलांच्या संघटनेसाठी जे गीत तयार झाले, त्याचे शब्द क्वो मो-जो यांचे आणि चाल मा यांची. 'घरची ओढ' ही धून तर चीनच्या नभोवाणीने देशाबाहेरच्या चिनी बांधवांसाठी होणाऱ्या कार्यक्रमाच्या आरंभी लावायला घेतली. सरकार आपल्या दूरच्या लेकरांना 'या, घरी या' म्हणत होते, ते याच माणसाच्या सुरांतून.

आणि मग १९६६ साल उजाडले. सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. ऑगस्टमध्ये मा यांना त्यांच्याच महाविद्यालयाच्या आवारात आणले गेले. डोक्यावर खळ ओतली, वर कागदाची उंच टोपी घातली, गळ्यात पाटी अडकवली. मारझोड तर होतीच. चिनी भाषेत 'मा' म्हणजे घोडा. म्हणून त्या चौपन्न वर्षांच्या प्राध्यापकाला गवत खायला लावले. हे करणारे कोण? तरुण विद्यार्थी! १९५० नंतर शाळेत गेलेली ती पिढी. मा यांनी चाल दिलेले ते गीत गळ्यात रुमाल बांधून गातच ती मोठी झाली असणार. मी स्वतः विद्यार्थी असल्यामुळे असेल, पण या प्रसंगाशी मी फार वेळ थांबलो. घोषणा देताना आपल्याला किती बरे वाटते, हे मला ठाऊक आहे. ढाल घेताना मलाही तसेच बरे वाटले होते.

नोव्हेंबरात मा बीजिंगमधून निसटून कँटनकडे गेले. जानेवारी १९६७ मध्ये एका रात्री पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्यासह एका लहानशा बोटीत बसून ते हाँगकाँगला पोहोचले. सोबत व्हायोलिन होते. तेथून अमेरिका. चीनमध्ये ते देशद्रोही ठरले आणि त्यांची धून नभोवाणीवरून गेली.

माझे प्रतिस्पर्धी त्या दिवशी म्हणाले असते, "बघा, जीव वाचवायला गेला, त्यात अपराध कसला?" इतके सोपे ते नाही. मागे राहिलेल्या नातलगांना आणि मदत करणाऱ्यांना पकडण्यात आले, तुरुंगात डांबण्यात आले. काहींचा त्यातच अंत झाला. बोट सुटली तिचे भाडे दुसऱ्यांनी भरले. माझे अर्धे भाषण मी मागे घेत नाही ते यासाठी. जाणाऱ्याचे जाणे हे त्याच्या एकट्याचे नसते, एवढे मी आजही म्हणेन.

पण मग न जाणाऱ्यांचे काय झाले? पियानोवादक कू शेंगयिंग ही देशविदेशात नाव काढलेली मुलगी. १९६७ च्या आरंभी, मा निसटल्यावर काही आठवड्यांतच, शांघायमध्ये छळाला कंटाळून तिने आई आणि भावासह जीवन संपवले. ती तिशीचीही नव्हती. शांघायच्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख हो लूतिंग हेही राहिले. १९६८ साली त्यांची जाहीर विटंबना दूरचित्रवाणीवरून दाखवली जात होती, तेव्हा हा म्हातारा खोटे आरोप करणाऱ्यांवर उलटून ओरडला. वर्षानुवर्षे तुरुंगात काढली, पण वाकला नाही. हो लूतिंगपुढे मी हात जोडतो. मात्र प्रत्येकाने हो लूतिंग व्हावे अशी मागणी करण्याचा अधिकार मला कुणी दिला? धैर्य ही वर्गणी नव्हे, की घरोघर जाऊन गोळा करावी. आणि अपराधी शोधायचाच, तर ज्याला गवत खावे लागले त्याच्यापाशी तो का शोधायचा? त्या आवारात दुसरी पुष्कळ माणसे होती.

मा फिलाडेल्फियात राहिले. तेथेही लिहीत राहिले, ते चिनी विषयांवरच. अखेरची संगीतिका एका उईघुर कथेवर आहे. १९८५ साली चीनमध्ये त्यांच्यावरचा कलंक अधिकृतपणे पुसला गेला. परंतु परत जाणे घडले नाही. २० मे १९८७ रोजी हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ते वारले. २००७ साली त्यांच्या आणि पत्नीच्या अस्थी कँटनला नेण्यात आल्या.

ती धून मी आता अनेकदा ऐकली आहे. चार-पाच मिनिटांची आहे. सुरुवातीला गज इतका हळू चालतो की, वादक विसरला की काय असे वाटते. त्या परीक्षकांचे नाव विचारायचे त्या दिवशी राहून गेले. यंदा ते आलेच, तर वाचले म्हणून सांगणार आहे. स्पर्धा जानेवारीत आहे. विषय अजून फलकावर लागलेला नाही.