शास्त्रीय कारण एकच कशाला?

अकरावीतील एक मुलगी तासानंतर माझ्याकडे आली. तिच्या मामांना नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या भागात कर्करोग झाला होता. हा रोग विषाणूमुळे होतो, असे कोणीतरी घरी वाचून दाखवले आणि त्या दिवसापासून मामांचे ताट-पेला वेगळा झाला. “सर, लहानपणी मी त्यांच्याच ताटात जेवायची. मलाही होईल का?”

मी डॉक्टर नव्हे. पण वाचले ते सांगतो. या विषाणूचे नाव एपस्टाईन-बार. १९६४ साली लंडनमध्ये एपस्टाईन, अचाँग आणि बार या तिघांनी तो शोधला. (बिचाऱ्या अचाँगचे नाव मात्र गळाले!) तो लाळेतून पसरतो, आणि जगातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर मुक्काम करून असतो. बहुधा तुमच्या-माझ्याही.

मग हा कर्करोग दक्षिण चीनमध्ये, हाँगकाँगमध्ये, आपल्या नागालँडमध्ये जास्त आणि महाराष्ट्रात विरळा, असे का? तिकडच्या रोग्यांच्या गाठींत हा विषाणू जवळजवळ नेहमी सापडतो, हे खरे. पण तो एकटा पुरत नाही. आनुवंशिक घडण लागते. विषाणूचे काही प्रकार अधिक घातक दिसतात. तंबाखूच्या धुरानेही धोका वाढतो. शिवाय दक्षिण चीनमध्ये लहान मुलांनाही भरवला जाणारा खारवलेला मासा आहेच. त्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये असतात. (कोकणातल्या सुक्या बांगड्याकडे लगेच संशयाने पाहू नका; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ साली ठपका ठेवला तो चिनी पद्धतीच्या माशावर.)

दोष थोडा आम्हा शिक्षकांचाही आहे. ‘शास्त्रीय कारणे द्या’ असे विचारायचे आणि ‘कारण’ या शब्दानंतर एक वाक्य आले की दोन गुण द्यायचे! लंबकाला ते शोभते. रोगाला नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे, त्या प्रश्नाला एक शेपूट जोडा : ‘मग बाकीच्यांना का होत नाही?’

म्हणून विषाणूला निर्दोष सोडायचे असेही नाही. गाठीतील पेशी मरतात तेव्हा त्याचा डीएनए रक्तात उतरतो. हाँगकाँगमध्ये सुमारे २०,००० पुरुषांचे रक्त या खुणेसाठी तपासले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ३४ जणांना हा कर्करोग निघाला, आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के पहिल्या दोन अवस्थांतच सापडले. एरवी इतक्या लवकर सापडणारे पाचांत एखादाच.

ताटातून कर्करोग लागत नाही आणि तो विषाणू बहुधा तुझ्याकडे आधीच आहे, हे मी त्या मुलीला सांगितले. मामांचे ताट पुन्हा पंगतीत मांडा, म्हटले.

“आजीला तुम्हीच सांगा ना, सर,” ती म्हणाली. रविवारी गेलो.