आधी ओळख, मग इलाज

"खाऱ्या पाण्याची नवी काचपेटी घेऊन महिना झाला. वाळूवर, खडकावर तपकिरी घाण चढली आहे. कोणते औषध टाकावे?" असा प्रश्न पालक आम्हाला नेहमी विचारतात. आमचे पहिले उत्तर एकच असते. आज काहीही टाकू नका. आधी ती घाण कोणती, ते ओळखा.

नवी टाकी म्हणजे नुकतेच नांगरलेले रिकामे शेत. पीक उभे राहण्याआधी तिथे तण येणारच. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट. हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पुढेही काही महिने रिकाम्या जागेवर कोणी ना कोणी हक्क सांगत राहते. या पाहुण्यांपैकी चार जण नेहमीचे.

पहिला, डायटम. तपकिरी पिठासारखा थर, बोट फिरवले की लगेच उडतो. याचे कवच सिलिकाचे असते आणि नळाच्या किंवा बोअरिंगच्या पाण्यातून त्याला सिलिका मिळते. मीठ मिसळण्यासाठी आरओ-डीआय यंत्राचे शुद्ध पाणी वापरा, काच पुसा आणि थांबा. बहुतेक वेळा काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो.

दुसरा, सायनोबॅक्टेरिया. नावाप्रमाणे हे शेवाळ नसून जीवाणू आहेत. गडद लाल किंवा जांभळट, दुधावरच्या सायीसारखा थर, ओढला की तुकड्यांनी निघतो. पाणी साचून राहते तिथे तो जास्त धरतो. नळीने शोषून काढा, पंपाचा झोत त्या कोपऱ्याकडे वळवा आणि खाद्य कमी करा.

तिसरे, हिरवे केसाळ शेवाळ. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढल्याची ही खूण. हाताने उपटून बाहेर काढा, थोडे थोडे पाणी बदला, दिवा आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी इथे उत्तम मदतनीस.

चौथे, डायनोफ्लॅजेलेट. सगळ्यांत जास्त फसवणारे हेच. रंग डायटमसारखाच तपकिरी, पण पोत शेंबडासारखा. लांब तारा सुटतात, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. रात्री कमी होते, दुपारपर्यंत पुन्हा पसरते. पाणी 'अति स्वच्छ' झाले, नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आले, की प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि याचे फावते. म्हणून केसाळ शेवाळाचा उपाय इथे उलटा पडतो. वारंवार पाणी बदलले तर हे आणखी माजते. इथे नायट्रेट पाच ते दहा आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आसपास राहू द्यावे, घाण शोषून काढावी, तीन दिवस दिवा बंद ठेवावा. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर अतिनील दिवाही चालतो. काही जाती विषारी असतात. गोगलगायी सुस्त पडू लागल्या तर तो इशारा समजा. टाकीत हात घालताना रबरी हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.

डायटम की डायनो, हे घरच्या घरी तपासता येते. ती घाण टाकीच्याच पाण्यासह झाकणाच्या बाटलीत घ्या आणि जोराने हलवा. कागदी गाळणीतून दुसऱ्या ग्लासात गाळा. गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा तारा जुळून आल्या तर बहुधा डायनोच. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर एक थेंब काचपट्टीवर ठेवून पाहा. डायटमची रेखीव, कोरल्यासारखी कवचे दिसतात. डायनो मात्र गिरक्या घेत पळत असतात. आठवी-नववीच्या मुलांसाठी याहून चांगला विज्ञानाचा तास कोणता?

आता औषधाबद्दल. प्रतिजैविक औषधाने सायनोबॅक्टेरिया मरतात, पण अमोनिया पचवणारे उपयोगी जीवाणूही मरू शकतात. मग अमोनिया चढतो आणि मासे दगावतात. तांब्याचे औषध गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ यांचा जीव घेते. दुकानदाराने बाटली पुढे केली म्हणून ती घेऊन येऊ नका. औषध हा शेवटचा उपाय. तोही ओळख पक्की झाल्यावरच.

मुलांच्या हाती एक वही द्या. रोज एकाच वेळी रंग, पोत आणि आठवड्यातून एकदा नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे त्यात लिहायला सांगा. एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर वाट पाहा. पेटीतले मुके जीव तक्रार करू शकत नाहीत. त्यांच्या वतीने आपल्यालाच नीट पाहावे लागते आणि सब्रही आपल्यालाच करावा लागतो.