बी असलेले द्राक्ष

"द्राक्षांवर एवढी औषधे का मारता रे तुम्ही?" वसतिगृहातल्या एका मित्राने परवा मला थट्टेने विचारले. मी तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. थट्टा मला झोंबली.

मित्रहो, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की आमच्या घरात कोणाला झोप नसते. पानाखाली पांढरी बुरशी दिसली म्हणजे केवडा आला. आमच्याकडे त्याला 'डावणी' म्हणतात. ती घडात शिरली की वर्षाची कमाई गेली! पावसाने औषध धुऊन नेले की वडील पुन्हा फवारणीला उभे. हौस म्हणून कोणी विष विकत घेत नाही.

खरे दुखणे वाणात आहे. आपली थॉमसन सीडलेस, सोनाका ही युरोपीय जातीची द्राक्षे. केवडा मूळचा अमेरिकेतला. तिथल्या रानवेली त्याच्याशी झुंजत तगल्या. युरोपातल्या वेलींना तो ठाऊकच नव्हता. १८७८ साली तो फ्रान्समध्ये दिसला आणि १८८५ साली मिलार्देने त्यावर मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण सुचवले. ते आजही आमच्या शेडमध्ये आहे!

मग वेलच कणखर का करू नये? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते केले. अमेरिकी वंशाचे कटावबा आणि युरोपीय ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून 'एआरआय-५१६' हा वाण काढला. तो बुरशीजन्य रोगांना सहजी दाद देत नाही, रसालाही उत्तम आहे. फक्त त्याला बी आहे.

मी उत्साहाने वडिलांना हे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "बी असलेलं द्राक्ष खायला कोण घेतंय?"

मी निरुत्तर झालो. बुरशीही बदलते, त्यामुळे अशा वाणाने फवारणी पार थांबेल असे नाही. पण कमी झाली तरी थोडे का आहे? मात्र त्यासाठी गिऱ्हाईक हवे, आणि गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्हीच. सीताफळाच्या बिया आपण आवडीने थुंकतो, पेरूच्या चावून खातो. मग द्राक्षाच्याच बीचे एवढे वावडे का? साहित्याच्या तासाला आपण अभिरुची घडवण्याच्या गोष्टी करतो. जिभेची अभिरुची मात्र बाजाराने घडवावी काय?

औषधांबद्दल शेतकऱ्याला जाब जरूर विचारा. पण त्याआधी एखादे बी थुंकायची तयारी ठेवा!

— द्वितीय वर्ष, कला