वाडा विकण्यापूर्वी

दांडियाबाजारातला वाडा विकून अलकापुरीत ब्लॉक घ्यावा, ही भाषा आपल्या घराघरांतून ऐकू येते. हिशेब मात्र थोडेच लोक मांडतात. अंतर म्हणाल तर तीन-चार किलोमीटर; मध्ये विश्वामित्री आणि रेल्वेचे रूळ.

अलकापुरी ही स्टेशनापलीकडची वसाहत. मोठे प्लॉट, रुंद रस्ते; मुख्य रस्त्याला संस्थानचे दिवाण रमेशचंद्र दत्त यांचे नाव. तेथे आज भाव आहे तो जमिनीला. चांगला टिकाऊ बंगला घेणारा तो पुष्कळदा पाडण्यासाठीच घेतो. एका कुटुंबाच्या जागी अनेक मजले उभे राहतात.

इकडे आपले वाडे शहराच्या मध्यात असून मागे का? बोळ अरुंद, मोटार दारात येत नाही, भिंती शेजाऱ्याशी सामायिक, हे सारे खरेच. पण मोठी अडचण कागदांची आहे. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचे नाव. वारस पुण्यास, मुंबईस, अमेरिकेत. शिवाय २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीही मुलांच्या बरोबरीने वाटेकरी, आणि ते योग्यच झाले. खालच्या मजल्यावर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या आधाराने बसलेला भाडेकरू, ज्याच्या भाड्यात आज एका माणसाचे जेवणही होत नाही. त्यातच जुन्या शहराच्या काही भागांत १९९१ चा अशांत धारा. तेथे कलेक्टरच्या परवानगीवाचून विक्री होत नाही. अशा घरावर कर्ज द्यायला बँक कां-कूं करते. मग उरतो तो रोख पैशाचा गिऱ्हाईक. त्याला घाई नसते. आपल्याला मात्र ब्लॉकचा हप्ता भरायचा असतो. एकट्या वाटेकऱ्याने आपला हिस्सा परस्पर विकला तर विचारूच नये, राहिलेल्यांचाही भाव तो पाडून जातो.

नव्या जागेचा आकडाही पारखून घ्यावा. दलाल सांगतो त्यात जिना, लिफ्ट, वाटा सारे धरलेले असते. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला कार्पेट क्षेत्रफळ सांगावे लागते. ते लेखी मागावे आणि वाड्याच्या खोल्यांशी ताडून पाहावे. पुष्कळांचे डोळे तेथेच उघडतील.

आमच्या धंद्याचे एक गणित निराळे. माडीवर तक्तपोशीखाली तंबोरा जसा बोलतो तसा सिमेंटच्या खोलीत बोलत नाही. आणि ब्लॉकात पहाटे विद्यार्थिनीने षड्ज लावला की सोसायटीची चिठ्ठी आलीच! बाजार याची पैही देत नाही, हे मी जाणतो. ज्यांना जिना चढवत नाही अशा वृद्धांनी लिफ्टच्या घरात जावे, त्यांना कोण नावे ठेवील?

परंतु विकायचेच असेल तर आधी वारसांची नोंद करावी, भाडेकरूशी समोरासमोर बसून तोड काढावी आणि साऱ्यांनी मिळून एकाच दस्ताने विकावे. दिवाळीला भावंडे घरी येतात. फराळ आटोपल्यावर माळ्यावरची कागदांची पेटी खाली उतरवावी. कोणती भिंत कोणाची, हे सांगू शकणारी आत्या अजून समोर बसलेली आहे.